उजनीच्या पाण्यावर गळ टाकताना

सोलापूर जिल्हा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? चादरी, शेंगांची चटणी, कडक भाकरी, सिद्धेश्वराची यात्रा आणि मे महिन्यातले ऊन. मासे? छे! माझ्याही डोळ्यांपुढे आले नव्हते. माझे लग्न ठरले तेव्हा मालवणच्या आजीने पदर डोळ्यांना लावून एवढेच विचारले होते, "थंय माझ्या पोरीक मासो तरी गावतलो मा?" सासर बार्शीचे. सासूबाई माळकरी. तेव्हा काय बोलायचे? मी मान खाली घालून बसले.

पुढे ह्यांच्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड करमाळा तालुक्यात जेऊरला आले. सकाळी घर, दुपारी जवळच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठीचे तास. आणि जेऊरपासून थोड्याच अंतरावर पाणी! पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चक्क म्हणाले, "अहो, समुद्र!" हे हसले. पण तुम्ही येऊन पाहा म्हणजे मला हसणार नाही. हिवाळ्यात सकाळी काठावर उभे राहिले की पैलतीर दिसत नाही, धुके असते, लाटा काठावर चुळुक चुळुक करतात. फक्त खारट वास तेवढा नसतो.

हे पाणी म्हणजे भीमेवरचे उजनी धरण, यशवंतसागर. माढा तालुक्यात उजनीजवळ भिंत आहे. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९८० साली धरण पुरे झाले. साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातले निम्म्याहून अधिक पाणी, ६३ टीएमसीच्या वर, 'मृत साठा' म्हणून तळाशी राहते. म्हणून तर उन्हाळ्यात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत 'उजनी उणे वीस टक्के', 'उणे तीस टक्के' असे मथळे येतात. बाहेरच्या पाहुण्यांना ते वाचून गंमत वाटते, आमच्या पोटात गोळा येतो. फुगवटा मात्र भिंतीपासून थेट वर दौंडच्या बाजूपर्यंत पसरलेला. एका काठाला इंदापूर, दुसऱ्या काठाला आमचा करमाळा. काठावर ऊस आणि कंदरची केळी, पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी. भिगवण, कुंभारगावला ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे गाड्या घेऊन येतात, मोठमोठे कॅमेरे लावतात, दुपारी चिलापी फ्राय खातात आणि संध्याकाळी परत जातात. आमच्या बाजूला फारसे कोणी येत नाही. मला तरी त्याचे वाईट वाटत नाही.

तर सांगायचे ते माझ्या गळाचे.

वर्गात एक मुलगा सोमवारी हमखास गैरहजर. दोनदा रागावले, तिसऱ्यांदा चौकशीला घरीच गेले. २०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. घर भोयांचे. दारात जाळे वाळत घातलेले, आजी जाळ्यातली चिलापी सोडवत बसलेली आणि आजोबा होडीचे पाणी डब्याने उपसत होते. मुलगा रविवारी रात्रभर आजोबांबरोबर पाण्यावर, मग सोमवारी शाळेत येणार कसा? मी रागवायला गेले होते, पण तो वास, ते जाळे, ती होडी... मला एकदम मामाचे घर आठवले. मी विचारले, "आबा, मला न्याल का एकदा?" आजी हसून म्हणाली, "बाई, चिखल लागंल लुगड्याला."

आमच्या मालवणकडे सुरमईला इसवण म्हणतात. मामा लहान होडी घेऊन इसवण गरवायला जायचा. चालत्या होडीमागे लांबच लांब दोर सोडलेला, त्याला गरी, गरीला काहीतरी चकचकीत. "होडी थांबली की इसवण गेली," हे मामाचे वाक्य. ही मासळी धावती, तिच्यापुढून काही पळत गेले तरच ती झडप घालते. मी लहानपणी दोनदा त्याच्याबरोबर गेले होते, म्हणून मला वाटत होते की मला सगळे येते. पहिल्या दिवशी मी आबांना सांगितलेसुद्धा, "वल्हवत राहू या, मी मागे दोर सोडते."

आबा काही बोलले नाहीत. काकींनी वल्हवले. हो, इथे वल्हे बाईच्या हातात आणि जाळे बुवाच्या हातात. नवरा-बायको अशा जोडीने पाण्यावर जाणारी कितीतरी घरे आहेत, फोटो मात्र जाळे फेकणाऱ्याचा छापून येतो! तर काकींनी तासभर वल्हवले, मी दोर ओढत बसले. दोराला काय लागले म्हणाल? जलपर्णीचे एक जाड झुंबड आणि कोणाची तरी चप्पल. काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी आबा म्हणाले, "बाई, दर्यातला मासा धावतोय. आमचा मासा घरात बसलेला असतोय. त्येच्या दारात जावं लागतंय."

या वाक्याचा अर्थ मला नीट कळायला पुढे सहा महिने लागले. पण गळाचे प्राथमिक शिक्षण मात्र त्याच दिवशी सुरू झाले. तुमच्यापैकी कोणी आपल्या गावच्या तळ्या-धरणावर गळ टाकत असाल, किंवा घरातली पुरुषमंडळी टाकून रिकाम्या हाताने परत येत असतील, तर त्यांना हे वाचून दाखवा.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. होडीत डबा आपटायचा नाही, वल्हे कडेला खणकन लावायचे नाही. पाण्यातून आवाज फार लांब जातो. बोललेले चालते, पण आपटलेले चालत नाही. (माझ्यासारख्या मास्तरणीला पहिली सवलत ऐकून फार बरे वाटले.)

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नवशिका माणूस वारा नसेल त्या काठाला जातो, कारण तिथे बसायला सुख. आबा उलटे करतात. वारा ज्या काठाकडे पाणी ढकलत असतो तिथे शेवाळ, किडे, बारीक जीव गोळा होतात, त्यामागे बारीक मासळी येते आणि तिच्यामागे मोठी. अर्थात ही गोष्ट झुळकीची, वादळाची नव्हे. तो भाग पुढे येतो आहे. पाणकावळे कुठे बुड्या मारताहेत तेही बघायचे. पाणकावळ्याला पोट असते, तो उगाच भिजत नाही.

वेळ म्हणाल तर पहाट आणि दिवस मावळतानाची. उन्हाळ्यात पाणी हिरवेगार होते तेव्हा मात्र पहाटेचा मासा वर येऊन नुसता तोंड उघडमीट करत असतो. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. तेव्हा तो खात नाही, श्वास घेतो. अशा वेळी गळ टाकून बसणे म्हणजे दम्याच्या पेशंटपुढे पुरणपोळीचे ताट वाढणे. सूर्य वर येऊ द्यावा. आणि हे हिरवे पाणी येते कुठून? मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचे पाणी भीमेतून आमच्याकडेच येते आणि त्याबरोबर पुणे-पिंपरीच्या गटारांचेही. पुणेकर भगिनींनो, रागावू नका, पण तुमच्या मोरीतले साबणाचे पाणी शेवटी आमच्या जलपर्णीला खत म्हणून पोचते.

आता आमिष. रोहूला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून गोळी करायची. हळदीचे बोट लावा, नको लावा, त्याचे त्याला काही नाही. पण गोळी घट्ट हवी, चपातीच्या कणकेपेक्षाही घट्ट, नाहीतर पाण्यात पडताच विरघळते. ती मळायचे काम काकींनी माझ्याकडे सोपवले आणि माझी गोळी सगळ्यांत जास्त टिकते हे मी इथे नम्रपणे नमूद करते. वाम आणि शिंगटा यांना गांडूळ. चिलापी काय, दिसेल ते खाते.

पण आमिषाहून महत्त्वाचे म्हणजे ते किती खोल सोडायचे. इथे आपल्या विळीचा उपयोग होतो! मासा कापायला घेतलात की डोके लगेच टाकून देऊ नका, तोंड पाहा. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो वरच्या पाण्यात खातो. मृगळाचे तोंड खाली, कारण तो तळ चाटतो. रोहू मधल्या पाण्यातला. इतकी वर्षे आपण बाजारातून मासे आणतो, कापतो, तळतो, पण मासा आपल्या तोंडानेच आपला पत्ता सांगत असतो हे माझ्या लक्षात आले नव्हते.

आणि पोटही उघडून पाहा. ही युक्ती मात्र माझ्या आजीची. इसवण कापली की आजी पोटातली पिशवी चिरून बघायची, आत तारली असेल तर मामाला ओरडून सांगायची. एकदा काकींनी मला एक शिंगटा दिला, तो घरी चिरला तर आत झिंगेच झिंगे. मी पुढच्या रविवारी भिगवणच्या बाजारातून मूठभर झिंगे आणले आणि गांडुळाऐवजी गळाला लावले. अर्ध्या तासात दोन शिंगटे! आबांनी माझ्याकडे असे पाहिले की माझा बी. ए. चा निकाल लागला तेव्हाही कोणी पाहिले नव्हते. (शिंगटा सोडवताना सांभाळा, त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा हातात घुसला तर रात्रभर ठणकतो. हात धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून धरावा. फार सूज आली तर डॉक्टरकडे जावे, घरगुती उपचार करत बसू नये.)

हे सगळे झाले शिकण्यासारखे. तरीही एक गोष्ट मला कळत नव्हती. बाकीच्या होड्या जाळी टाकून दोन-तीन टोपल्या चिलापी घेऊन येत. त्यांत मोठा मासा क्वचित. आबा गळाने चार-पाचच मासे धरत, पण दोन-दोन, तीन-तीन किलोंचे. लोक म्हणत, "आबाचं नशीब हाय." आबा कुठे थांबायचे ते मी पाहत असे. भर पाण्यात, जिथे काही खूण नाही, तिथे ते काकींना हळूच "थांब" म्हणत. मग एकदा उजवीकडे बघत, एकदा मागे. मला मामाची आठवण झाली. मामाही असाच देवळाचा कळस आणि डोंगरावरचे झाड एका रेषेत आणून जागा धरायचा. मी विचारले, "आबा, इथे खाली काय आहे?"

"चिंच," आबा म्हणाले. "आमच्या वाड्याम्होरली."

मैत्रिणींनो, मला ते एवढे दिवस सुचलेच नव्हते. आपण ज्याला धरण म्हणतो ते त्यांचे गाव आहे. पाणी आले तेव्हा आबा सातवी-आठवीत होते. गाव उठले, वर माळावर पुनर्वसनात गेले. झाडे तोडली, पण खोडे राहिली. चिंचेचे खोड, ओढ्याकाठच्या बाभळींची खोडे, विहिरीचा कठडा, पडक्या भिंती, शेताचे दगडी ताल, सगळे खाली जसेच्या तसे. मासा उघड्या चिखलावर राहत नाही, त्याला आडोसा लागतो. जाळेवाले या जागा टाळतात, कारण खोडात अडकून शेकडो रुपयांचे जाळे फाटते. म्हणून तिथला मासा वाढतो. गळ मात्र तिथे टाकता येतो, जागा बोटभरसुद्धा न चुकता माहीत असेल तर. आणि आबांना ती माहीत, कारण त्या चिंचेवर ते चढलेले आहेत, त्या विहिरीत पोहायला शिकलेले आहेत. पाणी कमी होत गेले की मासा जुन्या नदीच्या पात्रात, डोहात उतरतो. ते डोह कुठे होते तेही त्यांना पाठ. त्यांच्या नातवाला यातले काही माहीत नाही, त्याने मोबाइलवर नकाशा पाहिला आहे. त्या नकाशात तिथे नुसता निळा रंग आहे.

"पोराला दावतोय," आबा म्हणत, "पण त्येनं बघितलेलंच न्हाई, तर ध्यानात कसं ऱ्हाणार?"

माशांच्या बाबतीत आबांचे दुःख वेगळेच. 'वडाप' नावाच्या बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटभर पिल्लेही ओढून नेली जातात. आमचे रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात नव्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून चढणीचा मासा धरायचा नाही, असा आबांचा कुळधर्म. पोटात गाभोळी असलेली मादी धरली तर हजारोंचा वंश बुडतो. चिलापी तेवढी कशालाही पुरून उरते. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली आपल्या देशात आणली गेली. मादी अंडी तोंडात धरते, पिल्लेही संकटात आईच्या तोंडात शिरतात. मुले वाढवायची अशी सोय आपल्याला असती तर! असो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. लिहावे की नाही याचा बराच विचार केला.

२०२३ चा पाऊस कमी झाला. धरण भरलेच नाही आणि २०२४ च्या जानेवारीपासूनच पाणी उणे होऊ लागले. १२ मे, रविवार. माझ्या मुलाला, वय वर्षे आठ, सुट्टी लागलेली. "आई, मला ने" म्हणून त्याने आठवडाभर कटकट केली होती. हे गावाला गेलेले. मी त्याला घेऊन गेले. अंगात रंगीत सदरा, डोक्यावर टोपी, बरोबर दशम्या आणि शेंगांची चटणी. सगळे आठवणीने घेतले. पोहता न येणाऱ्या मुलाला पाण्यावर नेताना काय घ्यायचे ते मात्र मला सुचले नाही. समुद्राकाठी वाढलेली मी!

दुपारी चारनंतर आम्ही जुन्या डोहावर होतो. त्या दिवशी गळाला काही येत नव्हते आणि मग एकदम आले. दोरा असा ताणला गेला की माझ्या बोटाला रेघ उमटली. मासा खाली गेला, तळाशी बसला, पुन्हा निघाला. मुलगा टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात आबा पश्चिमेकडे बघत म्हणाले, "बाई, सोडा."

मी पाहिले. आभाळ तर स्वच्छ होते. क्षितिजावर फक्त एक मातकट पट्टा, धुळीसारखा. मी म्हटले, "आबा, पाच मिनिटं. आलाच वर."

आबांनी दुसऱ्यांदा सांगितले नाही. त्यांनी कमरेचा विळा काढला आणि माझ्या हातातला दोरा कापला. काकींनी होडी वळवलीही होती. मी रागाने लाल झाले. एवढा मोठा मासा मला परत मिळणार नव्हता, आणि आभाळ तर निरभ्र! मी अर्ध्या वाटेपर्यंत तोंड फुगवून बसले होते. मग वारा आला. आला म्हणजे भिंत पडावी तसा आला. पाणी क्षणात उभे राहिले, होडीत दोन्ही कडांनी यायला लागले. मी मुलाला पोटाशी धरले आणि एका हाताने डब्याने पाणी उपसत राहिले. काकी काही बोलत नव्हत्या, त्यांच्या हातांच्या शिरा तेवढ्या दिसत होत्या. काठ दोनशे पावलांवर असेल. त्या दोनशे पावलांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

काठावर उतरल्यावर आबा मला एवढेच म्हणाले, "मासा हितंच हाय. तो कुठं जातोय?"

मी घरी आले. ह्यांना काहीच सांगितले नाही. वारा सुटला होता, भिजलो, एवढेच म्हटले.

आणि नऊ दिवसांनी, २१ मेला, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला जाणारी प्रवासी होडी अशाच संध्याकाळच्या वादळात उलटली. सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. एकजण पोहून काठाला लागला. तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. पैलतीर समोर दिसतो, पण रस्त्याने जायचे तर केवढा वळसा! म्हणून वर्षानुवर्षे इकडची माणसे दुचाकीसकट होडीत बसून पलीकडे बाजाराला, दवाखान्याला, पाहुण्यांकडे जात आली. त्यात कोणाला आश्चर्य वाटत नव्हते. (आता कुगाव ते शिरसोडी असा पूल मंजूर झाला आहे.) बातमी आली त्या रात्री मी ह्यांना सगळे सांगितले. हे खूप वेळ काही बोलले नाहीत. मग उठून झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घातले. मे महिन्यात!

मी पुढे आबांकडे दोन आठवडे गेले नाही. लाज वाटत होती. शेवटी मुलालाच घेऊन गेले. जूनचे पहिले दिवस होते. पाणी उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरलेले. इंदापूरकडे पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडले होते, ते बघायला झुंबड उडाली होती. आबांनी मात्र आम्हांला चालत त्यांच्या गावात नेले. भेगाळलेला चिखल, शिंपल्यांचा खच, मध्येच एखादी तुटकी जाळी. मग एक दगडी चौथरा. "ही तालीम." दोन भिंतींच्या रेघा. "ही आमची आळी." एका उंबऱ्यावर काकी थांबल्या आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. त्यांचे हे सासरचे घर नव्हे, लग्न होऊन त्या आल्या त्या पुनर्वसनातल्या पत्र्याच्या घरात. पण आपल्या सासूने ज्या उंबऱ्यावर माप ओलांडले तो उंबरा म्हणून त्या चपला काढतात. दर वेळी गाव उघडे पडले की एकदा येऊन त्याला हळदकुंकू लावतात.

समोर चिंचेचे खोड. काळे, कमरेएवढे, मुळे उघडी पडलेली आणि त्या मुळांच्या खाली माणूस शिरेल एवढी पोकळी. माझा मुलगा त्यात वाकून बसला आणि ओरडला, "आई, इथे मासे राहतात!" पोकळीत गळाचे तीन गंजलेले आकडे अडकलेले मिळाले. आबांनी ते ओळखले, मला तरी सगळे सारखेच दिसत होते.

मी खोडापाशी उभी राहून मागे वळून पाहिले. माळावरची पाण्याची टाकी आणि तिच्यामागचे कडुनिंबाचे झाड एका रेषेत. दुसरीकडे पैलतीरावरचा मोबाइलचा मनोरा आणि देवळाचा कळस. आबांच्या नातवाला जवळ बोलावले आणि वहीत काढायला लावले. चिंच, विहीर, तालीम, ओढा, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन खुणा. पोरगा मराठीच्या निबंधात कधी चार ओळी लिहीत नाही, पण त्या दिवशी त्याने आठ पाने भरली. आबा शेजारी बसून दुरुस्त करत होते. ती वही आता त्यांच्या घरी देवळीत, देवांच्या शेजारी असते.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्ये धरण भरले आणि गाव पुन्हा खाली गेले.

दिवाळीनंतर मी परत गेले. मुलाला आणि मला नारिंगी जीवरक्षक जाकिटे, ह्यांनी पुण्याहून आणलेली. आबा-काकींसाठीही दोन आणली होती. काकींनी घातले आणि म्हणाल्या, "ह्यात बाई वल्हं फिरत न्हाई," पण काढले नाही. आबांनी ते उशाला घेतले. तेवढे चालायचेच म्हणून मी सोडले असते, पण नातवाने "आबा, घाला, नाहीतर मी येत न्हाई," म्हटल्यावर मुकाट्याने घातले. तुम्हीही कुठल्याही धरणावर होडीत बसाल तर आधी जाकीट मागा. नाही म्हणाले तर काठावरून पाणी पाहा, तेही छान दिसते. आणि परवाना असलेल्या माणसाबरोबरच जा.

या खेपेला "थांब" आबांनी म्हटले नाही. नातवाने म्हटले. टाकी-कडुनिंब, मनोरा-कळस. त्याने दोनदा मान वळवली, वल्ह्याचे चार फटके मागे घ्यायला लावले आणि "हितं" म्हणाला. आबा पाण्याकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत. मी झिंगा लावून गळ सोडला. खाली किती पाणी असेल ते दोऱ्याला हात लावताच कळत होते, कारण त्याच्या तळाशी मी उभी राहिले होते.

बराच वेळ काही नाही. मग दोन बारीक टिचक्या आणि एक ओढ. मी घाई केली नाही. शिंगटा निघाला, पावणेदोन किलोंचा. नंतर तोललाही. काकी वल्हे मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आमच्या अंगणातला हाय बाई, वाटा ठेवा!"

वाटा ठेवला. उरलेल्याचा रस्सा केला. गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा वास येतो अशी तक्रार माझ्या माहेरची माणसे करतात. त्याला उपाय असा : तुकडे मीठ, हळद आणि आंबट ताक लावून अर्धा तास ठेवावेत, मग दोन पाण्यांनी धुवावेत. कोकम इथे चटकन मिळत नाही, म्हणून मी चिंचेचा कोळ घालते. वाटणात खोबऱ्याबरोबर मूठभर शेंगदाण्याचा कूट, वर काळा मसाला, आणि पातेल्यात मासा पडल्यावर डाव फिरवायचा नाही, पातेलेच हलवायचे. ज्वारीच्या भाकरीबरोबर खावे. माळकरी सासूबाई आल्या असतील तेव्हा अर्थातच हे काही होत नाही, तेव्हा आमच्याकडे शेंगांची आमटी.

शिंगट्याचे पोट चिरले तेव्हा आत सहा झिंगे निघाले, त्यांतला एक माझा. मी मुलाला हाक मारून दाखवले. त्याने ते आपल्या वहीत लिहून ठेवले.